एलएनजी बंदराचं नियोजन: जेट्टीआधी खप मोजा

प्रश्न थोडक्यात असा. एका बंदरात वर्षाला १० लाख टन एलएनजी, म्हणजे अतिथंड करून द्रव केलेला नैसर्गिक वायू, उतरवायचा विचार आहे. धक्क्यापाशी १४ मीटर खोली मिळते. निम्मा माल वीजप्रकल्प घेणार, ३० टक्के वायू पाइपलाइनने कारखान्यांना आणि शहरी वितरणाला जाणार, उरलेला २० टक्के द्रवरूपातच रस्त्यावरच्या टँकरने. वर्षातले दोन-अडीच महिने समुद्र खवळलेला असतो. तरंगतं टर्मिनल, म्हणजे एफएसआरयू (एलएनजी साठवून त्याचा पुन्हा वायू करणारं, धक्क्याला बांधलेलं जहाज), घ्यावं की जमिनीवर टाक्या बांधाव्यात, आणि नियोजनाची सुरुवात कुठून करावी?

सुरुवात वायू जळतो तिथून करा आणि मग मागे मागे समुद्राकडे या. माझ्यासमोर येणारे बहुतेक प्रस्ताव याच्या उलट असतात. आधी जेट्टीचा नकाशा, मग टाकी, मग पाइपलाइन आणि अगदी शेवटच्या पानावर 'संभाव्य ग्राहक'. असं केल्यावर काय होतं ते कोचीला दिसलं. तिथलं ५० लाख टन क्षमतेचं टर्मिनल २०१३ मध्ये सुरू झालं. मंगळुरूपर्यंतच्या सुमारे ४५० किलोमीटरच्या पाइपलाइनचं उद्घाटन व्हायला जानेवारी २०२१ उजाडलं. मधली सगळी वर्षं टर्मिनल क्षमतेच्या किरकोळ हिश्शावर चाललं. टाक्या उत्तम, जेट्टी उत्तम, पण वायू बाहेर जायला वाटच नव्हती. आधी बांधू, गिऱ्हाईक आपोआप येईल, हा हिशेब या धंद्यात चालत नाही, कारण एलएनजी पडून राहणारा माल नाही. उणे १६२ अंशांवरचा द्रव टाकीत ठेवला की तो रोज थोडा थोडा उकळतच असतो.

म्हणून पहिलं काम म्हणजे ग्राहकांकडून वार्षिक आकडा घेणं थांबवा आणि तासागणिक खप मागा. वर्षाला १० लाख टन म्हणजे सरासरी दिवसाला अंदाजे ३८ लाख घनमीटर वायू. पण ही सरासरी प्रत्यक्षात क्वचितच कुठल्या दिवशी दिसते. वीजप्रकल्प सौर आणि पवनऊर्जेच्या जोडीला चालणार असेल तर दुपारी तो जवळजवळ बंद असेल आणि संध्याकाळी चार-पाच तास पूर्ण क्षमतेने ओढेल. शहरी वितरणाचं वेळापत्रक वेगळं, कारखान्यांचं आणखी वेगळं. वायूकरणाची यंत्रणा, म्हणजे पंप आणि व्हेपोरायझर (द्रव तापवून वायू करणारं यंत्र), या सर्वोच्च तासावर बेतावी लागते. साठवण बेतावी लागते ती जहाज किती दिवस उशिरा येऊ शकतं त्यावर. हे दोन हिशेब वेगळे आहेत आणि एकाच 'वार्षिक क्षमते'त ते कोंबले की दोन्ही चुकतात.

आता जहाजाचं गणित. आजचं सर्वसाधारण मोठं एलएनजी जहाज १,७४,००० घनमीटरचं असतं. पूर्ण भरून आलं आणि तळाशी थोडा माल टाक्या थंड ठेवण्यासाठी राखला, तर ते साधारण १,७०,००० घनमीटर उतरवतं. तुमचा खप रोज सुमारे ६,१०० घनमीटर द्रवाचा. म्हणजे एक जहाज २८ दिवस पुरतं, वर्षाला १३ जहाजं. कागदावर हे सुटसुटीत दिसतं.

एफएसआरयूचं घोडं इथेच अडतं. समजा एफएसआरयूही १,७०,००० घनमीटरचं आहे. पूर्ण जहाज त्यात रिकामं करायचं तर ते येईल त्या क्षणी एफएसआरयू जवळजवळ कोरडं हवं. म्हणजे जहाज एक दिवस लवकर आलं तर जागा नाही, आणि एक दिवस उशिरा आलं तर वायू नाही. तुम्ही शहाणपणाने सात दिवसांचा साठा हाताशी ठेवायचं ठरवलंत, तर सुमारे ४३,००० घनमीटर अधिक तळाचा राखीव माल मिळून ५० हजारांच्या आसपास जागा आधीच व्यापलेली असेल. मग येणाऱ्या जहाजातून जेमतेम १,२०,००० घनमीटर उतरेल. उरलेले ५० हजार कुठे न्यायचे? दुसऱ्या बंदरात रिकामे करायचे तर विक्रेत्याशी तसा करार आधी हवा. शिवाय जहाजातली मेम्ब्रेन टाकी, म्हणजे आतून पातळ पत्र्याचं अस्तर असलेली टाकी, अर्धवट भरलेली ठेवून खुल्या समुद्रात जाता येत नाही. आत द्रव हिंदकळून टाकीच्या भिंतींवर आदळतो, म्हणून ठरावीक पातळ्यांच्या मधला भरणा निषिद्ध असतो. उरलेला माल एक-दोन टाक्यांत गोळा करून ठेवावा लागतो आणि त्याचा आराखडा जहाज सुटण्याआधी ठरवावा लागतो. दुसरा मार्ग म्हणजे लहान खेपा मागवणं. तसं केलं तर १३ ऐवजी १८-१९ जहाजं लागतात आणि प्रत्येक खेपेमागे बंदर शुल्क, टगबोटी, पायलट आणि जहाजभाडं वाढतं. एफएसआरयूच्या प्रस्तावात ही गोष्ट मांडलेली असेल तर प्रस्ताव करणाऱ्याला काम कळतं असं मी धरून चालतो.

जमिनीवरची टाकी या बाबतीत उदार असते. लागणारी उपयुक्त साठवण म्हणजे एका खेपेचा माल, अधिक उशिराच्या दिवसांचा खप, अधिक तळाचा राखीव माल. तुमच्या आकड्यांत हे २,२०,००० घनमीटरच्या आसपास जातं, म्हणजे दोन टाक्या. ९ टक्के निकेल पोलादाची आतली टाकी, तिच्याभोवती उष्णतारोधक थर आणि बाहेर काँक्रीटचं कवच, हे बांधून थंड करून सुरू करायला तीन-चार वर्षं सहज जातात. एफएसआरयू त्याहून कितीतरी लवकर उभं राहतं. जर्मनीने २०२२ मध्ये विल्हेल्म्सहाफेनला निर्णयापासून वर्षभराच्या आत पहिलं तरंगतं टर्मिनल सुरू केलं. लिथुआनियाने क्लाइपेडाला २०१४ मध्ये 'इंडिपेंडन्स' नावाचं एफएसआरयू दहा वर्षांच्या भाड्याने घेतलं आणि मुदत संपल्यावर विकत घेतलं. वेळ हाच मुख्य मुद्दा असेल तर एफएसआरयूला तोड नाही. तुमच्याकडे मुख्य मुद्दा कोणता, हे आधी स्वतःशी स्पष्ट करा.

हवामानाकडे येऊ, कारण उशिराचे दिवस तिथूनच ठरतात. सल्लागार अहवालात बहुधा लिहिलेलं असतं, 'जेट्टी वर्षातून ९० टक्के वेळ वापरता येईल.' हा आकडा जवळजवळ निरुपयोगी आहे. उरलेले ३६ दिवस वर्षभर विखुरलेले असतील तर कोणाला कळणारही नाही. त्यातले १२ दिवस सलग आले तर गाव अंधारात जाईल. म्हणून सल्लागाराकडून सलग बंद राहणाऱ्या दिवसांची वारंवारता मागा: पाच दिवसांचा खंड दर वर्षी, आठ दिवसांचा दर पाच वर्षांनी, असं कोष्टक. साठवणीचा आकार त्या कोष्टकावरून काढा. आणि केवळ लाटेच्या उंचीवर समाधान मानू नका. लांब पल्ल्याची, म्हणजे दोन शिखरांमधलं अंतर जास्त असलेली फुगवट्याची लाट उंचीने एक मीटरच दिसते, पण बांधलेलं जहाज पुढे-मागे असं ओढते की दोर तुटायची वेळ येते. दोन जहाजं एकमेकांना चिकटवून माल उतरवायचा असेल तर मर्यादा आणखी कडक होतात. दाभोळचं टर्मिनल वर्षानुवर्षं याच कारणाने पावसाळ्यात जहाज घेऊ शकत नव्हतं. लाटारोधक भिंत पूर्ण नव्हती. तुमच्या प्रश्नात अडीच महिन्यांच्या खवळलेल्या समुद्राचा उल्लेख आहे. लाटारोधक भिंतीचा खर्च पहिल्या टप्प्यात धरला नसेल, तर ते टर्मिनल साडेनऊ महिन्यांचं आहे असं समजून ग्राहकांशी करार करा.

१४ मीटर खोली चालेल. या जहाजांचं बुड पाण्यात ११.५ ते १२ मीटर असतं. फक्त ती खोली धक्क्यापाशीच नव्हे, पूर्ण जलमार्गात आणि ओहोटीलाही हवी, आणि गाळ किती साचतो यावर दर वर्षीचा उपसा ठरेल.

जलमार्गाबद्दल एक गोष्ट बंदर अधिकाऱ्यांना उशिरा लक्षात येते. एलएनजी जहाज चालत असताना त्याच्या पुढे-मागे आणि बाजूला सुरक्षा क्षेत्र राखलं जातं. अरुंद जलमार्गात याचा अर्थ जहाज येताना आणि जाताना इतर वाहतूक थांबते. अनेक बंदरांत रात्री ये-जा करायलाही सुरुवातीची काही वर्षं मनाई असते. १३ जहाजं म्हणजे २६ वेळा मार्ग बंद. १९ जहाजं म्हणजे ३८ वेळा. कंटेनर आणि कोळशाच्या जहाजांच्या रांगेवर त्याचा काय परिणाम होतो, याचं संगणकीय सिम्युलेशन करून घ्या आणि ते करताना पायलट आणि टग कप्तानांना खोलीत बसवा. वारा कोणत्या कोपऱ्यावर आडवा येतो हे त्यांना ठाऊक असतं आणि आराखड्यात ते कुठेच लिहिलेलं नसतं.

प्रत्यक्ष माल उतरताना काय घडतं ते नियोजन करणाऱ्याने एकदा तरी जेट्टीवर उभं राहून पाहावं. जहाज बांधलं, आपत्कालीन बंद यंत्रणेची तार जोडली, मोजमाप झालं, की लोडिंग आर्म, म्हणजे जहाजातून माल घेणाऱ्या सांध्यांच्या नळ्या, हळूहळू थंड करायला घेतात. करड्या पोलादावर आधी दव धरतं, मग पांढरं हिम, आणि थोड्या वेळात सांध्यांभोवती बर्फाचे जाड गोळे होतात. खाली जहाजाच्या बाजूवरून पाण्याचा पडदा सतत वाहत असतो, कारण एलएनजीचा शिडकावा साध्या पोलादावर पडला तर ते काचेसारखं तडकतं. मुख्य पंपिंग १४-१५ तासांचं. पण बांधणी, थंड करणं, मोजणी, शेवटी आर्म रिकामी करून सोडवणं धरून धक्का दीड दिवस अडकतो असं धरा. जेट्टी ते टाकी ही वाहिनी दोन जहाजांच्या मधल्या काळातही थोडा द्रव फिरवत थंड ठेवावी लागते. गरम होऊ दिली तर पुन्हा थंड करण्यात वेळही जातो आणि वायूही. स्टेनलेस पोलादाची वाहिनी थंड होताना मीटरमागे जवळजवळ ३ मिलिमीटर आकसते. किलोमीटरभराच्या वाहिनीत ते ३ मीटर होतात. म्हणून ती वळणं घेत जाते. जेट्टी जितकी दूर समुद्रात, तितका हा सगळा व्याप आणि त्यातून आत शिरणारी उष्णता वाढते.

त्या उष्णतेतून निर्माण होणारी वाफ हा माझ्या मते संपूर्ण नियोजनातला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. तरंगत्या साठ्यात रोज सुमारे ०.१५ टक्के द्रव उकळतो असं धरलं, तर १,७०,००० घनमीटरमागे दिवसाला २५५ घनमीटर द्रव, म्हणजे १.६ लाख घनमीटर वायू झाला. जमिनीवरच्या टाकीत दर याच्या तिसऱ्या हिश्शाइतका असतो. जहाज उतरत असताना वाफ यापेक्षा कितीतरी पटींनी वाढते. त्यातली काही जहाजाकडे परत जाते, बाकीची तुम्हाला जिरवायची असते. नेहमीच्या दिवसांत ३८ लाखांच्या खपात ती सहज जिरते, कारण बाहेर जाणाऱ्या थंड द्रवात ती पुन्हा विरघळवून घेता येते. पण वीजप्रकल्प देखभालीसाठी महिनाभर बंद झाला आणि कारखान्यांना जोडून सुट्ट्या आल्या तर? टँकर तुम्हाला वाचवत नाहीत. टँकर द्रव नेतात, वाफ नेत नाहीत. म्हणून किमान खपाचा दिवस शोधून काढा आणि त्या दिवशी वाफ कुठे जाणार ते लिहून ठेवा: कमी दाबाच्या शहरी जाळ्यात, स्वतःच्या जनरेटरमध्ये, की पुन्हा द्रव करणाऱ्या यंत्रात. 'फ्लेअरमध्ये', म्हणजे उंच चिमणीच्या टोकाला, 'जाळू' हे उत्तर फक्त आणीबाणीचं असावं. आणि हवेत सोडून देणं तर मुळीच नको. मिथेनचा तापमानवाढीचा परिणाम १०० वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या २८ ते ३० पट आणि २० वर्षांच्या हिशेबाने ८० पटींहून जास्त आहे. एलएनजी कोळशापेक्षा स्वच्छ आहे हा दावा गळती आटोक्यात असेल तोवरच खरा राहतो.

वेगवेगळ्या ठिकाणचा माल घेणार असाल तर घनतेचा मुद्दा विसरू नका. जड आणि हलका एलएनजी एकाच टाकीत थरावर थर राहिला, तर काही तासांनी किंवा दिवसांनी थर अचानक उलटतात आणि एकदम प्रचंड वाफ सुटते. इटलीत ला स्पेझियाजवळ १९७१ मध्ये हे घडलं आणि त्यानंतर जगभर टाक्यांना वरून आणि खालून भरण्याची वेगळी सोय, वेगवेगळ्या खोलीवर तापमान-घनता मोजणी आणि टाकीतला द्रव ढवळण्याचे नियम आले. खरेदी विभागाने स्वस्त खेप घेतली की ऑपरेशनच्या माणसाला फोन गेला पाहिजे, अशी सवय पहिल्या वर्षापासून लावा.

टँकरचा २० टक्के हिस्सा लहान वाटतो, पण माणसं आणि वेळ यांत तोच सर्वांत महाग पडतो. दिवसाला सुमारे ५५० टन, टँकरमागे १८ टन धरले तर रोज ३० टँकर. वजनकाटा, अर्थिंग, तपासणी, भरणा, पुन्हा वजन हे सगळं धरून एका गाडीला दीड तास. १६ तासांच्या कामात एका बे-वर, म्हणजे टँकर भरण्याच्या एका जागेवर, दहाएक गाड्या. म्हणजे तीन बे पुरतात, पण चौथा बांधा, नाहीतर एक बंद पडला की फाटकाबाहेर रांग लागते आणि तुमचं टर्मिनल गावाच्या नजरेत त्रासदायक ठरतं. फेरी दोन दिवसांची असेल तर ६० टँकर रस्त्यावर आणि देखभालीसाठी दहाएक जादा. एक बारकावा: काही दिवस रिकामा उभा राहिलेला टँकर आतून गरम झालेला असतो. तो भरायला आला की आधी थंड करावा लागतो, त्यात वेळ जातो आणि वाफ उलट तुमच्याकडे येते. दुसऱ्या टोकाला ग्राहकाच्या आवारातली टाकीसुद्धा तपासा. तिथे वापर कमी आणि टाकी मोठी असेल तर दाब वाढत जाऊन वायू सोडावा लागतो. ग्राहकाच्या टाकीत किमान चार-पाच दिवसांचा खप मावला पाहिजे, म्हणजे रस्ता बंद पडला तरी निभावतं.

जहाजांना इंधन म्हणून एलएनजी विकायची कल्पना चांगली आहे, पण पहिल्या टप्प्याचा ताळेबंद तिच्यावर उभा करू नका. रॉटरडॅमला नोव्हेंबर २०२० मध्ये एका प्रचंड कंटेनर जहाजात एकाच वेळी सुमारे १७,३०० घनमीटर एलएनजी भरला गेला. असा ग्राहक तुमच्या बंदरात नियमित येतो का, ते आधी पाहा. जेट्टीवर लहान जहाजासाठी फेंडर (धक्का झेलणारी गादी) आणि लहान आर्मची जागा मात्र आत्ताच राखून ठेवा. नंतर ती जागा करणं फार महाग पडतं.

करारांबद्दल. दीर्घकालीन करारात पुढच्या वर्षाचं जहाजांचं वेळापत्रक आदल्या वर्षीच ठरतं आणि मग दर महिन्याला पुढच्या ९० दिवसांचं सुधारित पत्रक निघतं. तुमच्या वीजप्रकल्पाची देखभाल त्या पत्रकाला धरून व्हायला हवी. उलट अपेक्षा ठेवू नका. किती माल दीर्घ करारावर आणि किती खुल्या बाजारातून, हा निर्णय २०२२ चं वर्ष डोळ्यांसमोर ठेवून घ्या. जुलै २०२२ मध्ये पाकिस्तानच्या सरकारी कंपनीने १० जहाजांसाठी निविदा काढली आणि एकही बोली आली नाही. युरोप वाटेल ती किंमत मोजत होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नेमकी उलटी अडचण झाली. युरोपीय संघात सर्वांत जास्त टर्मिनलं असलेल्या स्पेनच्या किनाऱ्याजवळ भरलेली जहाजं ताटकळत उभी राहिली, कारण उतरवायला मोकळा स्लॉटच नव्हता. माल मिळणं आणि माल उतरवता येणं यांचं वेगवेगळं नियोजन करावं लागतं. मी १० लाख टनांतला किमान ७० टक्के माल दीर्घ करारावर घेईन, दर कच्च्या तेलाशी आणि वायूच्या निर्देशांकाशी विभागून बांधेन, आणि प्रमाण थोडं कमी-जास्त करण्याचा तसंच खेप दुसरीकडे वळवण्याचा हक्क लिहून घेईन. या हक्कासाठी विक्रेता जादा मागतो. द्यावं.

सुरक्षेच्या बाबतीत एकच गोष्ट आवर्जून सांगतो. १९४४ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलँडला एलएनजीची टाकी फुटून सुमारे १३० माणसं गेली. युद्धकाळात निकेल दुर्मिळ होतं, टाकीच्या पोलादात ते अपुरं होतं, आणि द्रव गटारांतून वस्तीत शिरला. आजचं पोलाद आणि बांधणी वेगळी आहे, पण टाकी आणि वस्ती यांच्यातलं अंतर हा आजही बंदर आणि नगररचना खात्याने मिळून राखायचा विषय आहे. आज मोकळी असलेली जमीन १५ वर्षांनी मोकळी राहील याची कायदेशीर तजवीज परवानगी मिळवतानाच करा. टर्मिनल सुरू झाल्यावर आजूबाजूला कामगारांची घरं उभी राहतातच आणि तेव्हा कोणालाच ती हलवता येत नाहीत.

तुमच्या आकड्यांवर माझं मत असं. बंदराच्या आत, लाटारोधक भिंतीच्या आडोशाला एफएसआरयू, दहा वर्षांच्या भाड्याने आणि विकत घेण्याच्या पर्यायासह. खेप १,२०,००० घनमीटरची, साठा सात दिवसांचा, आणि खवळलेल्या महिन्यांत दहा दिवसांचा; त्या महिन्यांत खेप १,००,००० च्या आसपास उतरेल हे विक्रेत्याला आधीच सांगा. टँकरचा भाग किनाऱ्यावरच्या लहान टाकीतून चालवा, म्हणजे जहाज बदलताना किंवा एफएसआरयू दुरुस्तीला गेल्यावर तो थांबणार नाही. जेट्टीचे खांब आणि वाहिन्यांची जागा पुढच्या जमिनीवरच्या टाक्या धरून आखा. खप २० लाख टनांकडे सरकू लागला की टाक्यांचं काम काढा. आणि एफएसआरयूच्या भाडेकरारावर सही करण्याआधी पाइपलाइनच्या संपूर्ण मार्गाची जमीन ताब्यात आल्याचा कागद आणि वीजप्रकल्पाचा 'घ्या किंवा पैसे द्या' तत्त्वावरचा सही झालेला करार, हे दोन्ही हातात असू द्या. यातला एक जरी बाकी असेल, तर सही सहा महिने पुढे ढकला.